इस्तंबूलचा मसाले बाजार : जहाजावरच्या सांगलीकरांनी चुकवू नये

तुर्कस्तानवर माझा जीव आहे. नव्या काँट्रॅक्टमध्ये इस्तंबूल दिसलं तेव्हा सांगलीत घरी पेढे वाटले!

जहाज गालातापोर्टला लागतं. क्रूला सुट्टी जेमतेम काही तास, पण गालाता पूल चालत ओलांडला की एमिनोन्यूला हा सतराव्या शतकातला बाजार समोरच. हळदीचे सौदे बघत वाढलोय, त्यामुळे हात आधी हळदीकडेच गेला. रंग देखणा, पण वासाला आपल्या राजापुरीची सर नाही. बेदाण्याला मात्र पैकीच्या पैकी. इझ्मीरकडचा सुलताना आणि आपल्या तासगावचा थॉमसन ही द्राक्षं मुळात एकाच जातीची. दाणा तोंडात टाकला आणि डोळेच भरून आले. दुकानदार चव दाखवल्याशिवाय तोलत नाहीत, वर चहाही पाजतात.

स्वस्तातलं ‘तुर्की केशर’ घेऊ नका, त्या करडईच्या पाकळ्या असतात. त्यापेक्षा बाजाराच्या बाहेर, ताहमिस रस्त्यावर १८७१ पासूनचं मेहमेत एफेंदीचं कॉफीचं दुकान आहे. रांग मोठी असली तरी भराभर सरकते. मी आईसाठी तिथलीच पूड घेतली.