छायाचित्रांवरून लैंगिक कल सांगणारे अ‍ॅप : एक परीक्षण

चेहरा, तळहात आणि डोक्यावरचा भोवरा यांची छायाचित्रे घेऊन माणसाचा लैंगिक कल टक्क्यांत सांगण्याचा दावा करणाऱ्या एका मोबाइल अ‍ॅपचे हे परीक्षण आहे. अ‍ॅपचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण त्याची जाहिरात व्हावी अशी माझी इच्छा नाही. हाताळायला ते सोपे आहे, याबद्दल तक्रार नाही. छायाचित्रे द्यायची, डावखुरे आहात का आणि भावंडे किती या प्रश्नांची उत्तरे भरायची, की काही क्षणांत पडद्यावर एक काटा फिरतो आणि आकडा समोर येतो. आकड्याखाली ‘वैज्ञानिक संशोधनावर आधारित’ अशी ओळ झळकते, आणि माझे परीक्षण मुख्यतः त्या ओळीचे आहे.

ती ओळ सपशेल खोटी नाही, म्हणूनच ती तपासून पाहावी लागते. तर्जनी आणि अनामिका यांच्या लांबीच्या गुणोत्तराचा विषय २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकातील एका शोधनिबंधामुळे गाजला. गर्भावस्थेतील संप्रेरकांचा या गुणोत्तराशी संबंध असावा, असा त्यामागचा तर्क आहे. पुढे २०१० साली अशा अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी झाली, तेव्हा समलिंगी आणि भिन्नलिंगी स्त्रियांच्या सरासरीत थोडा फरक दिसला. पुरुषांच्या सरासरीत मात्र तो दिसला नाही. तरीही हे अ‍ॅप पुरुषाचा तळहात मागते, बोटांवर रेघा आखते आणि त्या मापावरून काटा हलवते. डावखुरेपणाचेही असेच आहे. २००० साली झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात समलिंगी गटांत उजवा हात प्रमुख नसलेल्यांचे प्रमाण काहीसे अधिक आढळले होते, पण दोन्ही गटांत बहुसंख्य माणसे उजव्या हाताचीच होती. एखादी व्यक्ती डावखुरी आहे एवढ्यावरून तिच्याबद्दल काहीही ठरवता येत नाही. केसांचा भोवरा कोणत्या दिशेने फिरतो याचा लैंगिक कलाशी संबंध असल्याचा दावा २००४ मध्ये झाला होता. नंतरच्या अभ्यासांत तो टिकला नाही. अ‍ॅपने तो का ठेवला असावा, हे कळत नाही. कदाचित डोक्याचे छायाचित्र मागितले की तपासणी अधिक सखोल वाटत असावी.

गंमत अशी की या क्षेत्रात त्यातल्या त्यात वारंवार आढळलेला संबंध अ‍ॅपला नीट विचारताही आलेला नाही. रे ब्लँचर्ड आणि अँथनी बोगार्ट या संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवले की पुरुषाच्या बाबतीत एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या प्रत्येक थोरल्या भावागणिक समलिंगी असण्याची शक्यता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. थोरल्या बहिणींमुळे किंवा धाकट्या भावंडांमुळे तसा परिणाम त्यांना दिसला नव्हता. अ‍ॅप मात्र केवळ भावंडांची एकूण संख्या विचारते. शिवाय ३३ टक्के हा आकडा ऐकायला मोठा वाटला, तरी मूळ शक्यता २ टक्के धरली तर एका थोरल्या भावामुळे ती २.६ टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे थोरला भाऊ असलेले बहुतांश पुरुष भिन्नलिंगीच असतात. गटाच्या सरासरीत दिसणारा फरक एका माणसाच्या कपाळावर चिकटवता येत नाही, हे या अ‍ॅपच्या कर्त्यांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

चेहऱ्याचा भाग अधिक गंभीर आहे, कारण अ‍ॅपचा सर्वाधिक भर त्यावरच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१७ मध्ये जाहीर केलेल्या आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एका संगणकीय प्रणालीने एका छायाचित्रावरून पुरुषांच्या बाबतीत ८१ टक्के आणि स्त्रियांच्या बाबतीत ७१ टक्के वेळा बरोबर उत्तर दिले होते. हे ८१ टक्के नीट समजून घेतले पाहिजेत. तिथे प्रश्न असा होता की दोन छायाचित्रांपैकी एक समलिंगी व्यक्तीचे आहे हे आधीच ठाऊक असताना ते कोणते, हे सांगायचे. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाबद्दल बोलायचे तर हिशेब पार बदलतो. हजार माणसांत ५० समलिंगी आहेत आणि यंत्र दोन्ही गटांत शंभरातील ८० जणांना अचूक ओळखते असे मानले, तर ते ४० समलिंगी व्यक्तींना बरोबर ओळखेल, पण त्याच वेळी ९५० भिन्नलिंगी व्यक्तींपैकी १९० जणांवर चुकीचा शिक्का मारेल. म्हणजे ज्यांना यंत्राने समलिंगी ठरवले, त्यांतील सहा जणांमागे जेमतेम एकाबाबत ते खरे ठरेल.

त्या अभ्यासातील छायाचित्रे अमेरिकेतील डेटिंग संकेतस्थळावर लोकांनी स्वतः निवडून टाकलेली आणि केवळ गौरवर्णीयांची होती. टीकाकारांनी लगेच दाखवून दिले की चष्मा, दाढी, प्रसाधन आणि कॅमेरा धरण्याचा कोन यांतूनच यंत्राला बरेच काही मिळत होते, आणि ही शरीराची ठेवण नसून राहणीची निवड आहे. अ‍ॅप वापरताना मला हेच दिसले. चष्मा लावला की एक आकडा, काढला की दुसरा. कॅमेरा हनुवटीच्या खाली धरला की काटा एकीकडे, कपाळाच्या वर धरला की दुसरीकडे. कॅमेऱ्याच्या कोनानुसार बदलतो तो लैंगिक कल कसला? उभयलैंगिक व्यक्तींना तर या काट्यावर जागाच नाही. ‘५० टक्के’ असे उत्तर आले, तर ते दोघांबद्दलचे आकर्षण समजायचे की यंत्राला काहीच कळले नाही असे समजायचे, याचा खुलासा अ‍ॅप कुठेही करत नाही.

त्याहून मूलभूत अडचण अशी आहे की या साऱ्या अभ्यासांत कोण समलिंगी आणि कोण भिन्नलिंगी हे ठरवले गेले ते त्या व्यक्तीने स्वतः दिलेल्या उत्तरावरून, किंवा तिने कोणाशी जोडीदारी शोधली यावरून. मोजपट्टीच माणसाचे स्वतःचे सांगणे असेल, तर त्या सांगण्याचा बोटांवरून बांधलेला अंदाज त्याहून खरा कसा असू शकेल?

अ‍ॅपमधील सर्वांत आक्षेपार्ह सोय म्हणजे फोनमध्ये आधीपासून असलेले कोणतेही छायाचित्र त्यात टाकता येते. त्यामुळे सहकाऱ्याचे, विद्यार्थ्याचे किंवा भावी जावयाचे छायाचित्र त्याच्या नकळत तपासायला कोणीही मोकळा आहे. संमतीचा प्रश्न एकदाही विचारला जात नाही. साठाहून अधिक देशांत समलिंगी संबंध आजही गुन्हा आहेत, तिथे असा चुकीचा आकडा एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो. असे प्रयोग सरकारांनीही केले आहेत. कॅनडात १९६० च्या दशकात समलिंगी कर्मचाऱ्यांना हुडकून काढण्यासाठी चित्रे दाखवून डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार मोजणारी यंत्रणा उभारली गेली. ती कधीच चालली नाही, पण त्या मोहिमेत अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि २०१७ मध्ये तेथील पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने शारीरिक वैशिष्ट्यांवरून लैंगिक कलाचा निष्कर्ष काढणाऱ्या वर्गीकरण प्रणालींवर बंदी घातली असून ती फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे.

पाचपैकी एक तारा देत आहे, तोही शून्य देण्याची सोय नसल्यामुळे. ज्यांनी हे अ‍ॅप घेतले आहे त्यांनी ते काढून टाकण्यापूर्वी सेटिंगमधील खाते मिटवण्याचा पर्याय वापरावा आणि छायाचित्रे पाहण्याची परवानगी रद्द करावी, कारण नुसते अ‍ॅप काढल्याने आधी पाठवलेली छायाचित्रे कंपनीच्या सर्व्हरवरून जात नाहीत. छायाचित्रे किती काळ ठेवली जातात, याचा उल्लेख त्यांच्या गोपनीयता धोरणात मला सापडला नाही; तसे लेखी विचारले आहे, अद्याप उत्तर आलेले नाही.