हॉलमधले भिंतीवरचे घडीचे टेबल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

डोंबिवलीतील आमच्या घराचा हॉल १० फूट बाय १५ फूट आहे आणि सोफा, टीव्ही, मुलीचा अभ्यास, सासूबाईंची दुपारची विश्रांती, हे सारे त्यातच सामावलेले असते. आठवड्यातून तीन दिवस मी घरूनच हिशेबाचे काम करते. सोफ्यावर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन दोन वर्षे काढल्यावर मानेचे दुखणे सुरू झाले, तेव्हा कायमची जागा अडवणार नाही असे टेबल परिसरातील एका फर्निचर वर्कशॉपकडून करून घ्यायचे आम्ही ठरवले. ते फेब्रुवारीत बसले. प्लाय, सनमायका, बिजागऱ्या आणि मजुरी धरून १३,५०० रुपये खर्च आला.

रचना साधी आहे. भिंतीवर ३६ इंच रुंद, २२ इंच उंच आणि ५ इंच खोल अशी पेटी असून तिचे झाकण खाली उघडले की तेच टेबल होते. झाकणाच्या खालच्या कडेला पूर्ण लांबीची पियानो बिजागरी आहे आणि दोन्ही बाजूंनी पोलादी आधार आहेत. पेटीत लॅपटॉप, चार्जर, वह्या आणि घडीचा लॅपटॉप स्टँड उभा राहतो. टेबल उघडल्यावर भिंतीपासून साधारण सव्वादोन फूट पुढे येते, खुर्चीला आणखी सव्वादोन ते अडीच फूट लागतात आणि समोरचा सोफा तीन फुटांचा आहे, म्हणजे दहा फुटांतून ये-जा करायला सव्वादोन-अडीच फुटांची वाट उरते. हे गणित मी आधी जमिनीवर खडूने आखून पाहिले होते, आणि ज्यांना असे टेबल करायचे आहे त्यांनी ते जरूर आखून पाहावे, कारण कागदावर मोकळी दिसणारी जागा खुर्ची मागे सरकली की नाहीशी होते.

या कामात वर्कशॉपच्या मिस्त्रींचे सर्वांत मोलाचे योगदान लाकडाचे नव्हते, भिंतीच्या पारखीचे होते. मी टीव्हीशेजारची भिंत नक्की केली होती. त्यांनी हातोडीच्या दांड्याने तिच्यावर तीन-चार ठिकाणी ठोकून पाहिले, मग खिडकीजवळ जाऊन तसेच ठोकले आणि म्हणाले, "ताई, तिकडची भिंत हलक्या ब्लॉकची आहे, स्क्रू धरणार नाही. इथे कॉलम आहे, एक बाजू तरी पक्की बसेल." नव्या इमारतींतील हे ब्लॉक पोकळीदार आणि ठिसूळ असतात. साधा प्लास्टिकचा प्लग त्यांत सुरुवातीला घट्ट वाटतो, पण रोज झाकण उघडताना आणि त्यावर हात टेकताना बसणारा ओढीचा ताण त्याला सोसत नाही. म्हणून पेटीची डावी बाजू काँक्रीटच्या कॉलममध्ये अँकर बोल्टने धरली, आणि उजव्या बाजूला आधी भिंतीवर प्लायची रुंद पट्टी लांब स्क्रूंनी बसवून तिच्यावर पेटी टांगली, जेणेकरून भार एका जागी न येता पसरला. जागा बदलल्यामुळे उजेडही डावीकडून मिळू लागला. लिहिताना हाताची सावली पडत नाही आणि लॅपटॉपच्या पडद्यावर खिडकी चकाकत नाही.

दोष मात्र सांगितलेच पाहिजेत. पहिल्या आठवड्यात टाइप करताना टेबलाची पुढची कड हलत असे. दोन्ही आधार बिजागरीजवळ आहेत आणि मनगटांचा भार पडतो तो त्यांच्यापासून फूटभर पुढे, त्यामुळे झाकण तरफेसारखे वाकते. माझ्या मते हा दोष आराखड्यातच ओळखायला हवा होता. तीन वेळा फोन केल्यावर मिस्त्री आले आणि त्यांनी झाकणाच्या पुढच्या बाजूला खालून दुमडणारा एक पाय बसवला; तेव्हापासून टेबल स्थिर आहे. दुसरी गोष्ट कडेची. सनमायकाची कड कापल्यावर तशीच धारदार ठेवली होती आणि संध्याकाळपर्यंत मनगटाच्या आतल्या बाजूला लाल रेघ उमटत असे. पुढे २ मिलिमीटरची गोलसर पट्टी लावून घेतली, पण तिचे ६०० रुपये वेगळे मोजावे लागले, ही गोष्ट मला पटली नाही.

उंचीबाबत चूक झाली ती दोन्ही बाजूंनी. त्यांनी नेहमीप्रमाणे ३० इंच धरले आणि मी विचारले नाही. माझी उंची ५ फूट १ इंच आहे; त्या टेबलावर खांदे वर उचलूनच टाइप करावे लागे आणि खुर्ची वर घेतली तर पाय अधांतरी राहत. पेटी उतरवून अडीच इंच खाली घेतली, तेव्हा कोपर टेबलाच्या पातळीला आले. आपण ज्या खुर्चीवर बसणार, तिच्यावर बसून पाय जमिनीला टेकवावेत आणि कोपराची उंची मोजून तीच मिस्त्रींना द्यावी. वीजजोडणी टीव्हीच्या बोर्डावरून केसिंग पट्टीतून आणली आहे. लॅपटॉप आणि दिव्यासाठी ती पुरेशी ठरते.

ज्यांना आठवड्याचे पाचही दिवस, दोन पडद्यांवर काम करायचे आहे त्यांच्यासाठी हे टेबल योग्य नाही, कारण पाच इंचांच्या पेटीत मोठा मॉनिटर मावत नाही. भाड्याच्या घरातही भिंतीला भोके पाडण्यापेक्षा लहान सुटे टेबल बरे. माझ्यासारखीला मात्र संध्याकाळी सातला झाकण लावून हॉल घराच्या स्वाधीन करता येतो, आणि सासूबाई त्याच जागी आपली खुर्ची ओढून मालिका पाहायला बसतात, याचे समाधान फार मोठे आहे.

प्लाय आयएस ७१० चा (ओलाव्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेलेच हवे, असा आग्रह मी धरला होता, कारण खिडकीलगतच्या त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. सप्टेंबरअखेर पेटीतले सामान काढून पाठ तपासली: फळी कोरडी होती, कुठे फुगवटा नव्हता. बिजागरीचे दोन स्क्रू थोडे सैल झाले होते, ते घरच्याच पेचकसाने आवळले.