पुष्पचक्र, हार की ओंजळभर फुले? श्रद्धांजलीसाठी काय निवडावे

सोसायटी, माजी विद्यार्थ्यांचे मंडळ किंवा कार्यालय यांच्या वतीने श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठरला, की पुष्पचक्र न्यावे की हार, हा प्रश्न बहुधा खर्च पाहून सोडवला जातो. माझ्या मते तो फुले कोठे वाहायची आहेत, हे पाहून सोडवावा.

हाराला गळा किंवा चौकट लागते. पार्थिव, पुतळा अथवा तसबीर समोर असेल, तर हारच शोभतो. १ ऑगस्टला, टिळक पुण्यतिथीला, पुण्याच्या मंडईतील लोकमान्य टिळकांच्या पुतळ्यापाशी पुष्पचक्र नेणे चूक नाही, पण ते चौथऱ्यापाशी राहते आणि पाहणाऱ्याची नजर हाराकडेच जाते. शिवाय हार आपण सत्कारमूर्तीलाही घालतो आणि दिवंगतालाही. पुष्पचक्राचे तसे नाही. आपल्याकडे ते मृतांसाठीच असते, म्हणून जिवंत पाहुण्यासमोर ते ठेवण्याची चूक कोणी करू नये.

याउलट स्तंभ, शिला किंवा कबर यांच्यासाठी पुष्पचक्रच योग्य ठरते, हे खडकीच्या युद्ध दफनभूमीत गेल्यावर चांगले उमगते. तेथे दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ कबरी आहेत. त्यांखेरीज पहिल्या महायुद्धातील अठराशेहून अधिक सैनिकांची स्मृती तेथील स्मारकावर जपली आहे, जे तेव्हाच्या अखंड भारतात इतरत्र पुरले गेले आणि ज्यांच्या कबरींची देखभाल शक्य राहिली नाही. कोरलेल्या नावाला हार घालणार तरी कोठे? तेथे पायाशी ठेवलेले वर्तुळच बोलते. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी अकरा वाजता पहिल्या महायुद्धाच्या तोफा थांबल्या, त्या दिवसाच्या स्मरणार्थ वाहिल्या जाणाऱ्या पुष्पचक्रांत पॉपीची लाल फुले असतात, आणि ती बऱ्याचदा कापडी किंवा कागदी असल्याने कोमेजत नाहीत.

लष्करी कार्यक्रमात, उदाहरणार्थ पुणे कॅम्पातील राष्ट्रीय युद्ध स्मारकावर, पुष्पचक्राला क्रियाही जोडलेली असते: ते ठेवायचे, एक पाऊल मागे यायचे, मानवंदना द्यायची आणि मग स्तब्धता पाळायची. हार घालताना ही संथ लय साधत नाही. शिवाय संस्थेचे नाव लिहिलेली पट्टी पुष्पचक्रावर वाचता येते, हा व्यावहारिक लाभही आहेच.

सुटी फुले गर्दीसाठी उत्तम. शंभर माणसे असतील, तर प्रमुखांनी एक पुष्पचक्र वाहावे आणि बाकीच्यांनी ओंजळभर पाकळ्या. प्रत्येकाने वेगळा हार आणला, तर तसबीरच दिसेनाशी होते.

पुष्पचक्र ठरवलेत, तर बनवणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून विचारावी: आत काय आहे? थर्माकोलची सजावट राज्यात २०१८ पासून बंदीत आहे, आणि पाणी शोषणारा हिरवा स्पंजही प्लास्टिकचाच असून त्याचा भुगा मातीत मिसळत नाही. बांबूच्या कामट्यांवर पेंढा गुंडाळून त्यावर शेवंती, अष्टर किंवा निशिगंध बांधून मागावा. हा सांगाडा दिवसभर टिकतो आणि नंतर फुलांसह खतात जातो, फक्त तार तेवढी वेगळी काढावी लागते. झेंडू स्वस्त पडतो खरा, परंतु २१ ऑक्टोबरचा पोलीस स्मृतिदिन दसरा-दिवाळीच्या आसपास येतो आणि तेव्हा गुलटेकडीच्या फूलबाजारात मागणी फार असते. त्या दिवशीचे पुष्पचक्र हवे असल्यास शेवंतीचे सांगावे आणि आगाऊ सांगून ठेवावे.