निकॉन डी७५०० की कॅनन ९०डी : घेण्यापूर्वीचा आढावा

मध्यम किमतीचा डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घेऊ पाहणाऱ्याची निवड आज बहुतेक वेळा दोन कॅमेऱ्यांपाशी येऊन थांबते : निकॉनचा डी७५०० आणि कॅननचा ईओएस ९०डी. पहिला एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झाला, दुसरा ऑगस्ट २०१९ मध्ये. २०२० नंतर या दोन्ही कंपन्यांनी एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही. त्यामुळे हे दोघे आपापल्या मालिकेतले शेवटचे ठरले आहेत आणि पुष्कळांच्या हाती ते आता वापरलेल्या स्थितीतच पडतात. दोघांचे वजन सातशे ग्रॅमच्या आसपास आहे, दोघांचा सेन्सर एपीएस-सी (फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीहून लहान) आकाराचा आहे, दोघांत मेमरी कार्डाची एकच जागा आहे आणि हात हलल्याने होणारा दोष सावरणारी यंत्रणा दोघांच्याही बॉडीत नाही. ती लेन्समध्येच पाहून घ्यावी लागते. कागदावर इतके साम्य असूनही प्रत्यक्ष वापरात त्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. छायाचित्रकार व्ह्यूफाइंडरला डोळा लावून काम करणार आहे की मागच्या पडद्याकडे पाहून, या एका प्रश्नाचे उत्तर ठरले की निवडीचा मोठा भाग आपोआप उरकतो.

दुकानात मात्र पहिली चर्चा मेगापिक्सेलचीच होते. निकॉनचे २०.९ आणि कॅननचे ३२.५ हे आकडे शेजारी ठेवले की कॅननचे चित्र दीडपट मोठे वाटते. प्रत्यक्षात निकॉनचे चित्र ५५६८ × ३७१२ पिक्सेलचे आणि कॅननचे ६९६० × ४६४० पिक्सेलचे असते, म्हणजे रुंदीतला फरक फक्त २५ टक्क्यांचा आहे. दूर बसलेल्या पक्ष्याचे छायाचित्र कापून मोठे करायचे असेल तर हे २५ टक्के खरोखर उपयोगी पडतात. घरच्या समारंभाचा अल्बम छापायचा असेल तर ते कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. शिवाय त्यांची किंमत मोजावी लागते. पिक्सेल लहान असल्यामुळे हाताचा बारीकसा कंपही चित्रात उमटतो, म्हणून निकॉनवर १/५०० सेकंदाच्या शटर-वेगाला भागणारे काम कॅननवर १/८०० किंवा १/१००० सेकंदाला करणे शहाणपणाचे ठरते. सोबत मिळणारी १८-१३५ मिमी लेन्स प्रवासाला सोयीची असली तरी एवढ्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरला पुरेल इतका तपशील ती कडांपर्यंत देऊ शकत नाही. रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या कच्च्या, फायली मोठ्या असल्यामुळे जुना संगणकही रेंगाळू लागतो; त्यावर सी-रॉ हा लहान फायलींचा पर्याय कॅननने दिला आहे आणि तो बिनदिक्कत वापरावा.

कमी उजेडात दोघांत फारसा फरक नाही. चित्रे एकाच मापात छापली तर दोन्हीकडची भुरभुर (चित्रातले दाणे) सारखीच दिसते आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० च्या पुढे मी दोन्हीपैकी कोणावरही भरवसा ठेवणार नाही. निकॉनच्या माहितीपत्रकातला १६,४०,००० हा आयएसओचा कमाल आकडा केवळ वाचण्यापुरता आहे. आयएसओ १०० वर काढलेल्या चित्रातील सावल्या नंतर उजळताना मात्र निकॉनची फाइल अधिक स्वच्छ राहते आणि निसर्गदृश्ये टिपणाऱ्याला हा फायदा वारंवार जाणवतो.

आता व्ह्यूफाइंडरकडे येऊ. ताडोब्यात पहाटेच्या फेरीत वाघ रस्ता ओलांडतो तेव्हा आपल्याला चार-पाच सेकंद मिळतात, उजेड कमी असतो आणि मध्ये बांबूच्या काड्या असतात. अशा वेळी निकॉनच्या ५१ फोकस बिंदूंपैकी मधले १५ क्रॉस प्रकारचे (आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखणारे) आहेत, तर कॅननचे सर्व ४५ बिंदू त्या प्रकारचे आहेत, हा हिशेब कॅननच्या बाजूने जातो. कॅनन सेकंदाला १० चित्रे घेतो, निकॉन ८. तोही कॅननच्याच बाजूने. परंतु रॉमध्ये सलग किती चित्रे घेता येतात हे पाहिले की पारडे फिरते. निकॉन न थांबता ५० चित्रे घेतो, म्हणजे बटण सहा सेकंदांहून अधिक काळ दाबून ठेवता येते. कॅनन सुमारे २५ चित्रांनंतर, अडीच सेकंदांत, अडखळतो. वेगवान यूएचएस-२ कार्ड घातल्यास कॅननची साठवण लवकर मोकळी होते हे खरे, पण वाघ तोपर्यंत झाडीत गेलेला असतो. सुटसुटीत पार्श्वभूमीवर उडणाऱ्या पक्ष्याला धरून ठेवण्यात निकॉनची समूह-बिंदू (अनेक बिंदू एकत्र वापरणारी) पद्धत मला अधिक विश्वासाची वाटते. लेन्सचा फोकस पुढेमागे होत असेल तर निकॉनमध्ये तो कॅमेऱ्याकडूनच जुळवून घेता येतो. कॅननमध्ये हीच दुरुस्ती हाताने, चाचणीची चित्रे काढत काढत करावी लागते. टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारे जोडभिंग) लावून ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे प्रकाशद्वार, एफ ८ वर जात असेल तर मात्र निकॉनचा फक्त मधला एक बिंदू काम करतो आणि कॅननचे २७ बिंदू करू शकतात.

याच कामासाठी लेन्सचा विचार कॅमेऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे. निकॉनची २००-५०० मिमी एफ ५.६ ही लेन्स सव्वादोन किलोंहून जड असली तरी तिच्या पल्ल्याच्या मानाने स्वस्त आहे आणि डी७५०० च्या लहान सेन्सरवर ती फुल-फ्रेमवरच्या ७५० मिमीपर्यंतचा दृश्यकोन देते. कॅननची १००-४०० मिमीची दुसरी आवृत्ती हलकी आणि उत्तम आहे, पण ती बरीच महाग आहे आणि त्याच हिशेबाने तिचा पल्ला ६४० मिमीपाशी संपतो. सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या १५०-६०० मिमी लेन्स दोन्हीकडे चालतात. वन्यजीव हाच मुख्य छंद असणाऱ्याने म्हणूनच निकॉन घ्यावा, असे माझे मत आहे.

डोळा व्ह्यूफाइंडरवरून काढून पडद्याकडे वळवला की चित्र पूर्ण पालटते. कॅननच्या सेन्सरवरच ड्युअल पिक्सेल फोकसची व्यवस्था असल्यामुळे पडद्यावर बोट ठेवताच फोकस शांतपणे तिथे सरकतो आणि चालत येणाऱ्या माणसाचा डोळाही धरून ठेवतो. निकॉनमध्ये पडद्यावरचा फोकस पुढे-मागे चाचपडत जागेवर येतो. स्थिर वस्तूला तो पुरतो, पण अंगणात धावणाऱ्या मुलाला पुरत नाही. कॅननचा पडदा बाजूला उघडून हवा तसा फिरवता येतो, निकॉनचा केवळ वर-खाली झुकतो. भिगवणला नावेच्या काठावरून पाण्याच्या पातळीला कॅमेरा धरायचा असेल तर आडव्या चित्रासाठी दोन्ही पडदे चालतात. उभ्या चित्रासाठी मात्र कॅननचाच उपयोगी पडतो.

चलचित्रात तर तुलना एकतर्फीच आहे. दोघेही फोर-के चित्रण सेकंदाला ३० चौकटींनी करतात, परंतु निकॉन त्यासाठी सेन्सरचा मधला भागच वापरतो. परिणामी १८ मिमीची लेन्स फुल-फ्रेमवरच्या जवळजवळ ४० मिमीसारखी वागू लागते आणि छोट्या दिवाणखान्यात बारशाचे चित्रण करणाऱ्याची पाठ भिंतीला टेकते. कॅननमध्ये पूर्ण रुंदी मिळते. ते चित्र थोडे मऊ असते आणि अधिक धारदार हवे असल्यास थोडा कापलेला पर्याय निवडता येतो. फुल एचडीत सेकंदाला १२० चौकटींची संथ गतीही कॅननकडेच आहे. माइक आणि हेडफोन यांच्या जागा दोघांनाही आहेत. चित्रण हा कामाचा निम्मा भाग असेल तर डी७५०० चा विचारच करू नये.

डी७५०० मध्ये काही उणिवा अशा आहेत की ज्या निकॉनने स्वतःहून ओढवून घेतल्या. त्याच्या आधीच्या डी७२०० मध्ये दोन कार्डांची जागा होती, उभ्या पकडीची बॅटरी ग्रिप लावता येत होती आणि जुन्या, हाताने फोकस करायच्या एआय लेन्सवर प्रकाशमापन होत होते; डी७५०० मध्ये हे तिन्ही गेले. कॅननला ग्रिप लावता येते आणि फोकस बिंदू हलवण्यासाठी अंगठ्याखाली जॉयस्टिकही आहे. बॅटरी एका भारात निकॉनवर ९५० आणि कॅननवर १३०० चित्रे देते. लग्नाचे काम घेणाऱ्याला दोन्ही कॅमेऱ्यांत एकच कार्ड असणे ही गंभीर अडचण आहे, कारण बिघडलेल्या कार्डावरची सप्तपदी पुन्हा घेता येत नाही. अशाने वापरलेल्या डी७२०० चाही विचार करावा. आषाढात वारीसोबत चालणाऱ्याने कोणत्याही कॅमेऱ्याच्या सीलबंदपणावर न विसंबता पावसाळी आवरण सोबत ठेवावे.

पुढे मिररलेसकडे (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे) जाण्याचा विचार असेल तर एक फरक आताच लक्षात घ्यावा. कॅननच्या डीएसएलआरसाठीच्या ईएफ लेन्स साध्या ॲडाप्टरने त्याच्या आर मालिकेच्या मिररलेस कॅमेऱ्यांवर पूर्ण फोकससह चालतात. डी७५०० च्या बॉडीत फोकसची मोटार असल्याने स्वतःची मोटार नसलेल्या जुन्या, स्वस्त एएफ-डी लेन्स त्यावर आनंदाने चालतात, पण निकॉनच्या एफटीझेड ॲडाप्टरमध्ये ती मोटार नाही. त्यामुळे मिररलेसवर गेल्यावर त्याच लेन्सचा फोकस हाताने फिरवावा लागतो. स्वस्तात मिळतात म्हणून अशा लेन्स साठवण्याआधी हे ध्यानात असू द्यावे.

वापरलेला कॅमेरा घेताना शटर किती वेळा उघडले याची चौकशी अवश्य करावी. डी७५०० चे शटर १,५०,००० आणि ९०डी चे १,२०,००० वेळांसाठी तपासलेले असते. निकॉनमध्ये ताज्या जेपीईजी फायलीच्या माहितीतच हा आकडा सापडतो. कॅनन तो फायलीत लिहीत नाही, त्यासाठी कॅमेरा केबलने संगणकाला जोडून वेगळे सॉफ्टवेअर चालवावे लागते. तेव्हा कॅनन पाहायला जाताना लॅपटॉप आणि केबल बरोबर न्यावी आणि विक्रेता ती जोडू देत नसेल तर दुसरा कॅमेरा पाहावा.