अमळनेरचं दाखल्यांचं दुकान : काम चोख, पावतीचं नाव काढू नका

तहसील कचेरीकडे जाताना ओळीने झेरॉक्सवाले बसतात, त्यातलंच हे एक. बोर्डावर जगातले सगळे दाखले लिहिलेत. माझं काम दोनच होतं : मुलीची जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला. ती बारावी सायन्सला आहे, शिरपूरला बी.फार्म. करायचं म्हणते. आम्ही ओबीसी. १९ टक्के आरक्षण आहे हे ठाऊक होतं. त्या जागेवर हक्क सांगायला किती कागद लागतात, ते इथे कळलं.

दुकानवाल्या दादांनी पैशाआधी वंशावळ विचारली. मी मोठ्या तोऱ्यात माझ्या भावाची व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, पुढे केली. म्हणाले, "ताई, मामानी चालस नही, काका-आजोबानी लागस." पोरीची जात बापाकडून. मशीनवर ब्लाऊज शिवून फीचे पैसे जोडायचे मी, आणि कागद सासरचे! असो.

ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा हवा. आमचे सासरे शाळेची पायरीच चढले नाहीत, मग शाळेच्या रजिस्टरचा प्रवेश-निर्गम उतारा आणायचा कुठून? दुसऱ्या एका सायबरवाल्याने इथेच हात टेकले होते. दादांनी कोतवाल बुक काढायला लावलं, म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद. रेकॉर्ड रूमचा अर्जही त्यांनीच लिहून दिला. नोंद सापडली ती मोडी लिपीत. ती वाचून देणाऱ्याचा पत्ताही त्यांच्याकडे होताच. मग वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, नमुना १७ चं प्रतिज्ञापत्र, प्राचार्यांच्या सहीचा १५-ए फॉर्म, सगळं क्रमाने लावून ऑनलाइन चढवलं आणि फाइल जळगावच्या समितीकडे गेली.

नॉन-क्रिमीलेअरला आठ लाखांची मर्यादा. यंदा कापूस बरा झाला म्हणून माझ्या पोटात गोळा. पण शेतीचं उत्पन्न त्यात धरत नाहीत, पगारही नाही. माझी शिलाई मात्र धरतात. शिवाय २०२४ पासून ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची फी माफ आहे, पण कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. हे त्यांनी न विचारता सांगितलं.

आम्ही बसलो असताना एक काका आले. आरक्षणामुळे हुशार पोरांचं वाटोळं झालं, हे त्यांनी सगळ्या दुकानाला ऐकवलं. काम काय, तर नातवाचं ईडब्ल्यूएस, म्हणजे खुल्या वर्गातल्या आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाचा दाखला. दादा प्रिंट काढता काढता म्हणाले, "काका, हाऊबी दहा टक्कानाच कागद शे." २०१९ पासूनचे दहा टक्के. काकांनी गुपचूप पैसे मोजले.

आता खोड्या. फाइलचे हजार ठरवतात आणि स्कॅनिंग पानागणिक वेगळं लावतात. पावती मागितली की तोंड वाकडं. टायपिंगला बसलेल्या पोराने मुलीच्या नावातली वेलांटीच खाल्ली. सबमिट करण्याआधी स्क्रीनवर एकेक अक्षर वाचा, नंतर दुरुस्तीला फार पळापळ होते.

जूनमध्ये जाऊ नका, उभं राहायला जागा नसते आणि दादा ओरडूनच बोलतात. पोरगं अकरावीत असतानाच दिवाळीनंतर जा. काका-आत्यांपैकी कुणाची व्हॅलिडिटी असेल तर ती आधी मागून ठेवा. रविवारी बंद.