काउंटर-स्ट्राइक की व्हॅलोरंट: वर्षभर कोणतं बघायचं?

दोन्ही संघांनी खेळायचे नेमबाजीचे व्हिडिओ गेम, दोन्हींच्या व्यावसायिक स्पर्धा वर्षभर चालतात. दोन्हींसाठी वेळ नसेल, तर आधी वेळापत्रक बघा.

व्हॅलोरंटचं वर्ष एकाच आयोजकाच्या, म्हणजे गेम बनवणाऱ्या रायटच्या हातात आहे: किकऑफ, स्टेज 1, स्टेज 2 या प्रादेशिक लीग, मधे दोन मास्टर्स या आंतरराष्ट्रीय स्पर्धा, शेवटी चॅम्पियन्स ही जागतिक स्पर्धा. काउंटर-स्ट्राइकमध्ये ईएसएल, ब्लास्ट, पीजीएल अशा आयोजकांच्या स्पर्धा एकामागोमाग एक. बडे संघही मधूनच एखादी सोडतात, त्यामुळे संघांची यादी बघूनच रात्र जागवा. मेजर, म्हणजे काउंटर-स्ट्राइकच्या सर्वात मानाच्या स्पर्धा, मात्र वर्षाला दोनच. 2025 मध्ये जूनला ऑस्टिन, डिसेंबरला बुडापेस्ट.

बक्षिसाचा एकच आकडा फसवतो. 2024 च्या चॅम्पियन्सला 22.5 लाख डॉलर होते, विजेत्याला 10 लाख. मेजरला 12.5 लाख, विजेत्याला 5 लाख. पण काउंटर-स्ट्राइकमध्ये मोठ्या रकमा वर्षभर विखुरलेल्या, वर ग्रँड स्लॅमचे, म्हणजे ठराविक मोठ्या स्पर्धा अनेकदा जिंकणाऱ्या संघाला मिळणारे 10 लाख वेगळे. शिवाय मेजरच्या वेळी गेममध्ये विकल्या जाणाऱ्या संघांच्या स्टिकरमधला वाटा बक्षिसात मोजतच नाहीत.

नव्या संघाला वर यायचं असेल तर? काउंटर-स्ट्राइकमध्ये 2025 पासून रँकिंगवर निमंत्रण. व्हॅलोरंटच्या वरच्या लीगमध्ये बहुतेक जागा रायटने निवडलेल्या भागीदार संघांच्या.

मोजक्या तारखा आणि मुंबईच्या ग्लोबल ईस्पोर्ट्स या संघासाठी ओरडायचं असेल तर व्हॅलोरंट. जवळपास दर महिन्याला मोठा सामना हवा असेल, तर काउंटर-स्ट्राइक.