आयसीडी: शिरेतून वायरवाली की कातडीखालची?
ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ३५ टक्क्यांच्या खाली राहिलं की डॉक्टर आयसीडीचं (ठोके जीवघेणे बिघडले तर शॉक देऊन ताळ्यावर आणणारं, शरीरात बसवायचं यंत्र) नाव काढतात, पण त्यात मुख्य दोन प्रकार असतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. जुनी म्हणजे कॉलरबोनखाली डबी आणि वायर शिरेतून थेट हृदयात, फायदा असा की ठोके सुसाट सुटले तर आधी पेसिंग (विजेचे हलके झटके देऊन ठोके जुळवणं) करून बघते, बऱ्याचदा शॉक लागतच नाही, ठोके मंदावले तरी सांभाळते. पण वायर खराब झाली किंवा इन्फेक्शन झालं तर काढणं लय किचकट. कातडीखालची डाव्या काखेजवळ बसते, वायर हृदयात जातच नाही, म्हणून तरुण पेशंटला बरी वाटते, पण डबी मोठी, आणि आधी पेसिंग वगैरे नाही, डायरेक्ट ८० ज्यूलचा शॉक, छातीत लाथ बसल्यासारखा. पेसिंग लागणार असेल तर माझ्या मते शिरेतलीच घ्या. आणि हो, पंपिंग दोन्हीनं सुधारत नाही, गोळ्या चालूच.